वेताळाचें गांव कोणतें?
(‘विक्रम और बेताल’ ह्या दूरदर्शन-मालिकेचें पाठदृष्ट्या परीक्षण)

जुन्या कागदपत्रांच्या शोधास वाहिलेल्या त्रैमासिकांत दूरदर्शनवरील एका मालिकेचें परीक्षण यावें, हें कित्येक वाचकांस प्रथमदर्शनीं विक्षिप्त वाटेल. बखरी, सनदा, शकावल्या व पोथ्या हाताळणाऱ्यानें पडद्यावरच्या चित्रांत कां पडावें, असा प्रश्न रास्त आहे. त्यास आमचें उत्तर असें कीं, कथेचा ग्रंथ ज्या ज्या रूपानें लोकांपर्यंत पोंचला, तें तें रूप त्या ग्रंथाची एक प्रतच होय. भूर्जपत्रावर लिहिलेली प्रत, कागदावर उतरलेली प्रत, शिळाप्रेसवर छापलेली प्रत आणि चुंबकीय फितीवर मुद्रित झालेली प्रत ह्यांत साधनाचा भेद आहे, परंपरेचा नाहीं. प्रतीस जे प्रश्न विचारावयाचे, म्हणजे मूळ कोणतें, लेखक कोण, लिहविता कोण, पाठ कोठें फिरला, तेच प्रश्न ह्या नव्या प्रतीसही विचारले पाहिजेत. प्रस्तुत लेखांत ते विचारण्याचा अल्प प्रयत्न केला आहे. गोदाकांठच्या वाचकांचा तर ह्या कथेशीं निकटचा संबंध आहे, हें पुढें दिसून येईल.

रामानंद सागर ह्यांची ‘विक्रम और बेताल’ ही हिंदी मालिका १९८५ सालीं दूरदर्शनच्या राष्ट्रीय कार्यक्रमांत सुरू झाली व २६ भागांत आटोपली. विक्रमाच्या भूमिकेंत अरुण गोविल व वेताळाच्या भूमिकेंत सज्जन हे नट होते. पुढें २५ जानेवारी १९८७ रोजीं सुरू झालेल्या ‘रामायण’ मालिकेचा लौकिक एवढा वाढला कीं, तिच्या आधींची ही लहानशी मालिका पूर्वपीठिका म्हणूनच बहुधा उल्लेखिली जाते. ‘रामायणां’तील राम, सीता व लक्ष्मण झालेले नट, म्हणजे अरुण गोविल, दीपिका चिखलिया व सुनील लहरी, हे तिघेही आधीं येथें वावरले होते. परंतु तिचें स्वतंत्र महत्त्व निराळेंच आहे. दर भागास नवी कथा, नवीं पात्रें व नवा प्रसंग आणि सर्वांस बांधणारें एक जुनें सूत्र, अशी ही कथासंग्रहात्मक नाट्यमाला होती. व तिचा आधार भारतीय कथावाङ्मयांतील अत्यंत मान्यवर ग्रंथ होता, निदान तशी तिची प्रसिद्धि होती.

तो काळही लक्षांत घेतला पाहिजे. दिल्लीस दूरदर्शनचा आरंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजीं झाला. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं निघालें. जाहिराती १९७६ पासून दिसूं लागल्या. १९८२ सालीं रंगीत प्रक्षेपण व राष्ट्रीय कार्यक्रम हीं दोन्हीं आलीं. १९८३ च्या ऑगस्टांत इन्सॅट-१ब हा उपग्रह अवकाशांत गेला आणि त्यानंतर लघुशक्तीचे प्रक्षेपक गांवोगांवीं उभे राहूं लागले. मराठवाड्यासारख्या प्रदेशांत चित्रवाणी घराघरांत शिरली ती ह्याच लाटेबरोबर. ह्याच सुमारास ‘प्रायोजित कार्यक्रम’ ही पद्धति रूढ झाली. निर्मात्यानें मालिका सिद्ध करावी, एखाद्या मालाच्या कंपनीनें खर्च सोसावा व मोबदल्यांत कार्यक्रमाच्या आगेंमागें आपली जाहिरात करून घ्यावी, असा तो व्यवहार. ७ जुलै १९८४ रोजीं सुरू झालेली ‘हम लोग’ ही मालिका अशीच मॅगी नांवाच्या शेवयांच्या जाहिरातीबरोबर घरोघर पोंचली. ‘विक्रम और बेताल’ ही त्याच हंगामांतील पैदास होय.

आतां मूळ मुद्याकडे वळूं. ही मालिका सोमदेव भट्टाच्या ‘बेताल पच्चीसी’वर आधारलेली आहे, असें सर्वत्र सांगितलें जातें. ह्या एका वाक्यांतच एक चूक दडलेली आहे. सोमदेवानें ‘बेताल पच्चीसी’ नांवाचा ग्रंथ कधींच लिहिला नाहीं. त्याचा ग्रंथ ‘कथासरित्सागर’. तो काश्मीरचा राजा अनंत ह्याची राणी सूर्यमती हिच्या मनोविनोदार्थ इ. स. च्या ११ व्या शतकाच्या उत्तरार्धांत रचला गेला. त्याचे १८ लंबक व १२४ तरंग आहेत. वेताळाच्या कथा बाराव्या, शशांकवती नामक लंबकांत, ७५ पासून ९९ पर्यंतच्या तरंगांत येतात. आणि तेथेंही त्या मृगांकदत्तास त्याचा मंत्री विक्रमकेसरी सांगत आहे, अशी योजना आहे. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यांतून पंडित दुर्गाप्रसाद व काशिनाथ पांडुरंग परब ह्यांनीं १८८९ सालीं काढलेली आवृत्ति ज्यांच्या संग्रहीं असेल, त्यांनीं हा भाग प्रत्यक्ष उघडून पाहावा.

तो उघडल्यावर पहिल्याच श्लोकांत काय आढळतें? गोदावरीच्या तीरीं प्रतिष्ठान नांवाचा देश आहे, आणि तेथें विक्रमसेनाचा पुत्र त्रिविक्रमसेन राज्य करीत होता. हा उज्जयिनीचा विक्रमादित्य नव्हे. क्षांतिशील नांवाचा भिक्षु त्याच्या दरबारीं रोज एक फळ आणून देतो. दहा वर्षांनीं त्या फळांत रत्न असल्याचें उघडकीस येतें. आणि मग राजास स्मशानांतील शिंशपा-वृक्षावर लोंबणारें प्रेत आणण्यासाठीं जावें लागतें. सारांश, ही कथा सांगणारा कवि काश्मीरचा खरा. परंतु तिचें गांव पैठण आहे. ज्या नदीचें पाणी पैठणाहून निघून पाथरीच्या शिवारांतून गंगाखेडास जनाबाईच्या गांवाजवळून पुढें पूर्णेकडे जातें, त्याच नदीच्या कांठीं सोमदेवाचा राजा खांद्यावर प्रेत घेऊन चालतो. परभणी जिल्ह्यांतल्या मुलांनीं १९८५ सालीं ही मालिका पाहिली तेव्हां ही आपल्याच नदीची गोष्ट आहे, हें त्यांस कोणीं सांगितलें नाहीं. कारण पडद्यावरचा राजा विक्रमादित्य झाला होता.

हा पाठभेद मालिकेनें केला असें म्हणणें मात्र अन्यायाचें होईल. तो तिच्या फार आधींचा आहे. अठराव्या शतकांत जयपूरच्या सवाई जयसिंगाच्या आज्ञेनें सुरत कवीश्वर ह्यानें ह्या कथा व्रजभाषेंत आणल्या. त्यावरून कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजांत मजहर अली खान विला व लल्लूलाल ह्यांनीं हिंदुस्थानी ‘बैताल पचीसी’ सिद्ध केली. ती १८०५ सालची. तिच्या आरंभीं धारानगर व तेथील राजा गंधर्वसेन येतो, आणि त्याचा पुत्र विक्रम हा कथेचा नायक होतो. प्रतिष्ठान नाहींसें झालें तें ह्या शाखेंत. १८७० सालीं रिचर्ड बर्टन ह्यानें ह्याच शाखेवरून इंग्रजी रूपांतर केलें व पश्चिमेंतही विक्रमच गेला. आपल्याकडे सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे ह्यांची ‘वेताळपंचविशी’ १८३० सालीं छापून निघाली. पुढें ‘चांदोबा’ मासिकानें खांद्यावर प्रेत टाकून नागव्या तरवारीनिशीं चाललेला विक्रम महिन्यामागून महिना मराठी मुलांसमोर उभा केला, आणि पंचवीस कथा संपल्यावरही नव्या कथा रचून तें सूत्र कित्येक वर्षें चालू ठेविलें. मालिकेचा राजा ह्या वंशांतला आहे. तेव्हां पाठशास्त्राच्या भाषेंत सांगावयाचें तर, ही प्रत नांव सोमदेवाचें सांगते, पण कुळी ‘बैताल पचीसी’ची लावते. ग्रंथसंग्राहकांस असे प्रकार नवीन नाहींत. समाप्तीस ज्ञानदेवांचें नांव व आंत भलत्याचेंच काव्य, अशा पोथ्या कोणीं पाहिल्या नाहींत?

उलट पक्षीं सोमदेवाची प्रतही अगदीं मुळाची नव्हे, हें सांगितलें पाहिजे. मूळ म्हणजे गुणाढ्याची पैशाची भाषेंतील ‘बृहत्कथा’. ती आज उपलब्ध नाहीं. आपण मुळास सोडलें नाहीं, फक्त विस्तार कमी केला व भाषा बदलली, असें सोमदेव आश्वासन देतो. पण बुधस्वामीच्या ‘बृहत्कथाश्लोकसंग्रहां’त वेताळाच्या कथा नाहींत, सोमदेव व क्षेमेंद्र ह्या दोघां काश्मिरी कवींच्या ग्रंथांतच त्या आहेत. त्यामुळें ह्या कथा गुणाढ्याच्या नसून काश्मिरी वाचनेंत मागाहून शिरल्या असाव्यात, असें अनेक पंडितांचें मत आहे. म्हणून ‘मालिकेनें मूळ बिघडविलें’ अशी ओरड करण्यापूर्वीं, मूळ म्हणून ज्यावर आपण बोट ठेवतों तेंही एक रूपांतरच आहे, ह्याचें भान राहावें.

ह्या सगळ्या परंपरेंत एक गोष्ट सारखी दिसते. प्रत्येक रूपांतराच्या मागें लिहविता कोणीतरी आहे. सोमदेवामागें राणी सूर्यमती, सुरत कवीश्वरामागें सवाई जयसिंग, लल्लूलालांमागें कंपनी सरकारचें कॉलेज, आणि १९८५ च्या मालिकेच्या काळीं मालाची जाहिरात करणारा प्रायोजक. राणीस दुःखाचा विसर हवा होता, कॉलेजास गोऱ्या अंमलदारांकरितां सोपें गद्य हवें होतें, प्रायोजकास घरांतील सर्व मंडळी पडद्यासमोर बसावयास हवी होती. ज्याचें मीठ खाल्लें त्याची चव कथेस लागते. अमेरिकेंत चित्रवाणीच्या बाल्यावस्थेंत तर प्रायोजकाचें नांव नाट्यमालेच्या मथळ्यांतच असे. १९४७ सालीं सुरू झालेलें ‘क्राफ्ट टेलिव्हिजन थिएटर’ हें त्याचें उदाहरण. तेथें प्रायोजकाची सत्ता कोठवर चाले ह्याचा एक दाखला प्रसिद्ध आहे. १९५९ सालीं न्यूरेंबर्गच्या खटल्यावरील नाटक ‘प्लेहाउस ९०’ ह्या मालेंत झालें. इंधनवायूच्या धंद्यांतील मंडळी प्रायोजक होती, म्हणून नाझींच्या ‘वायुकोठडी’तील वायु हा शब्द प्रक्षेपणांत ऐकूंच येऊं दिला नाहीं. एखाद्या बखरीच्या प्रतींत यजमानाच्या पूर्वजाचा पराभव हरताळ लावून पुसावा, तसाच हा प्रकार होय. प्रायोजित मालेची प्रत तपासतांना असा हरताळ शोधणें हें समीक्षकाचें पहिलें काम आहे.

आतां मालिकेच्या गुणदोषांविषयीं. तिचा मोठा गुण असा कीं, तिनें कथेची चौकट टाकून दिली नाहीं. दुसऱ्याच वर्षीं, १९८६ सालीं, ‘कथा सागर’ नांवाची मालिका दूरदर्शनवर आली. श्याम बेनेगलांसारखे दिग्दर्शक तिच्या कामीं होते, आणि टॉल्स्टॉय, चेखॉव्ह, मोपासां, ओ. हेन्री, रवींद्रनाथ अशा थोर लेखकांच्या कथा तींत घेतल्या होत्या. नांव सोमदेवाचें; पण सोमदेवाचा जो आत्मा, म्हणजे कथेच्या पोटांत कथा गुंफणारें सूत्र, तें तेथें नव्हतें. सुटे मणी मोलाचे होते; दोरा नव्हता. बेनेगलांच्याच त्याच सालच्या ‘यात्रा’ मालिकेंत हा दोरा आगगाडीच्या प्रवासाचा होता, व खर्च रेल्वे खात्याचा असल्यामुळें प्रायोजक स्वतःच कथेची चौकट झाला. शंकर नाग ह्यांच्या ‘मालगुडी डेज’मध्यें दोरा गांवाचा होता. ह्या तिन्हींशीं ताडून पाहतां, सागर ह्यांनीं जुनाच दोरा जसाच्या तसा घेतला हें शहाणपणाचें ठरलें. राजानें उत्तर द्यावें, वेताळानें उडून जावें, राजानें पुनः झाडाकडे वळावें, हा क्रम साप्ताहिक प्रक्षेपणास इतका जुळतो कीं जणूं त्यासाठींच योजिला असावा. दोन भागांमधला आठवडा म्हणजे राजाची झाडापर्यंतची परतीची वाट. ती वाट प्रेक्षकही राजाबरोबर चालत होते.

अभिनयाचेंही असेंच आहे. ह्या कथेंतील राजास मौन पाळावयाचें असतें. बोलणारा वेताळ, ऐकणारा राजा. म्हणून राजाच्या नटाची परीक्षा ऐकण्यांत आहे, आणि गोविलांचा स्थिर चेहरा त्या परीक्षेस उतरतो. सज्जन ह्यांचा वेताळ भीतिदायक आहे तितकाच खट्याळ आहे. लहान मुलें त्यास भ्यालीं आणि तरी त्याची वाट पाहत राहिलीं, हेंच त्याचें यश. पडद्यावरची जादू आजच्या मानानें बेताची, देखावे साधे. परंतु कीर्तनकारास तरी कोठें देखावे लागतात?

दोष सांगावयाचा तो मात्र गंभीर आहे. वेताळाचे प्रश्न हे मुळांत बोधाचे नसून निवाड्याचे आहेत. मंदारवतीच्या कथेंत तीन ब्राह्मणकुमारांपैकीं एक तिच्या अस्थि तीर्थास नेतो, एक तिच्या राखेवर निजतो, एक मंत्रानें तिला उठवितो. नवरा कोण? राजा म्हणतो: उठविणारा पिता, अस्थि नेणारा पुत्र, राखेवर निजणारा पति. ह्या उत्तरांत सदाचाराचा उपदेश नाहीं. नात्यांचा काटेकोर विचार आहे. पद्मावतीच्या पहिल्याच कथेंत कपट करतो मंत्रिपुत्र. पण दोष येतो शहानिशा न करितां शिक्षा देणाऱ्या राजा कर्णोत्पलावर. न्यायासनावर बसणाऱ्यानें न्यायासनासच दोषी ठरवावें, ही ह्या कथांची धार. आणि शेवटच्या कथेंत, बापानें मुलीशीं व लेकानें तिच्या आईशीं लग्न केल्यावर त्यांच्या मुलांचें परस्परांशीं नातें काय, ह्या प्रश्नापुढें राजा गप्प बसतो. आणि त्या गप्प बसण्यामुळेंच वांचतो. जेथें उत्तर नाहीं तेथें न बोलणें हें शहाणपण, असा सोमदेवाचा कळस आहे. मालिकेचा एकंदर कल ह्याच्या उलट आहे. ती मुलांस शिकवण द्यावयास निघते. प्रश्नाची धार बोथट करून उत्तराचा सुविचार बनविते. घरांतील सर्वांस चालेल असेंच दाखवावयाचें, हें प्रायोजनाच्या युगाचें बंधन येथें दिसतें. हा तो हरताळ होय; एखादा शब्द पुसणारा नव्हे, पण अर्थावर पातळ हात फिरविणारा. ह्याच कथांतील बदललेल्या डोक्यांच्या कथेवरून टॉमस मान ह्यानें १९४० सालीं कादंबरिका लिहिली, व पुढें गिरीश कार्नाड ह्यांनीं ‘हयवदन’ नाटक रचिलें. त्या दोघांनीं प्रश्न प्रश्नच ठेविला, म्हणून त्यांचीं रूपांतरें मुळाच्या अधिक जवळ गेलीं.

शेवटचा मुद्दा जतनाचा, आणि तो आमच्या वाचकवर्गास अगदीं जवळचा आहे. गुणाढ्याची कथा सर्वांस ठाऊक आहे. सातवाहनानें अव्हेरिलेला सात लाखांचा ग्रंथ त्यानें अरण्यांत पशुपक्ष्यांस पान पान वाचून दाखविला व अग्नींत टाकिला. राजा धांवत आला तेव्हां एक लाख उरला होता. चित्रवाणीच्या आरंभकाळीं जगभर असाच अग्नि चालू होता. फीत महाग, म्हणून जुनें पुसून तिच्यावरच नवें मुद्रित करावें, ही सार्वत्रिक रीत होती. अमेरिकेंतील ड्यूमाँट कंपनीचा बहुतेक संग्रह नष्ट झाला. ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ हें १९५४ सालीं ‘स्टुडिओ वन’ ह्या प्रायोजित मालेंत झालेलें नाटक पुष्कळ वर्षें अर्धेंच उपलब्ध होतें; त्याची पूर्ण चित्रफीत २००३ सालीं सांपडली ती एका दिवंगत वकिलाच्या संग्रहांत! दप्तरखान्यांत नसलेलें घरांत सांपडतें, हा आपला नेहमींचा अनुभव तेथेंही खरा ठरला. आपल्याकडील दाखला तर ह्याहून जुना आहे. ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत धाडींत गेल्यावर महानुभावांनीं तें पाठांतरावरून पुनः उभें केलें, आणि म्हणूनच त्याच्या वाचना अनेक झाल्या. मालिकांचें पाठांतर मात्र कोणीं करीत नाहीं. ‘विक्रम और बेताल’ सुदैवानें राहिली. परंतु तिच्या काळांतील किती लहान मालिका राहिल्या नसतील, ह्याचा विचार करावा.

म्हणून संग्राहकांस दोन विनंत्या. पहिली: गोदाकांठच्या मठांत, वाड्यांत व जुन्या शाळांच्या कपाटांत वेताळपंचविशीची मोडी वा देवनागरी प्रत सांपडल्यास पांच गोष्टी आधीं टिपून घ्याव्यात: राजाचें नांव, नगराचें नांव, भिक्षूचें नांव, झाडाचें नांव व शेवटची कथा. राजा त्रिविक्रमसेन, नगर प्रतिष्ठान, भिक्षु क्षांतिशील व झाड शिंशपा असेल तर ती प्रत सोमदेवाच्या कुळांतली. राजा विक्रम आणि आरंभीं धारानगर असेल तर ती ‘पचीसी’च्या कुळांतली. दोहोंची सरमिसळ असेल तर ती सर्वांत मोलाची समजावी. कारण पैठणचा राजा आपल्या नदीच्या कांठीं केव्हां विस्मृत झाला, ह्याचा माग तींतच लागेल. दुसरी: दूरदर्शन व आकाशवाणीसाठीं लिहिलेल्या संहिता, नटांच्या हातच्या नकला व जुन्या फिती कोणाच्या माळ्यावर पडल्या असल्यास त्या रद्दींत घालूं नयेत. आज त्या कागदांस कोणीं पोथी म्हणणार नाहीं. गुणाढ्याच्या पानांसही सातवाहनाच्या दरबारांत कोणीं ग्रंथ म्हटलें नव्हतें.

त्रिविक्रमसेनानें शेवटीं वर मागितला तो ह्या कथा पृथ्वीवर प्रसिद्ध व्हाव्यात एवढाच. कथा प्रसिद्ध झाल्या. पण त्याचें स्वतःचें नांव व गांव मात्र त्यांतून गळालें. तेवढें परत मिळवून देणें हें गोदातीरावरील संशोधकांचें काम आहे.